आयसी जोडावेत की प्रोग्रॅम लिहावा?

इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेले दोन कोल्हापूरकर एका टेबलाशी बसवा आणि त्यांना सांगा, टाकी भरली की मोटर बंद करणारी एक डबी करायची आहे. चहा येईपर्यंत भांडण सुरू झालेलं असेल. एक म्हणेल, "त्यात काय, ४०११ चा एक आयसी, एक रिले, विषय संपला!" दुसरा म्हणेल, "आयसी कसले जोडत बसतोस, एक मायक्रोकंट्रोलर टाक, चार ओळींचा प्रोग्रॅम लिही. उद्या टाकी बदलली तर प्रोग्रॅम बदल." त्यावर पहिला म्हणेल, "टाकी भरली एवढं कळायला कॉम्प्युटर कशाला लागतोय रे?" .. आणि मोटर राहते बाजूला.

हे भांडण मी गेली पंचवीस-तीस वर्षं ऐकतोय. कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने त्यात भागही घेतलाय. इथे येणाऱ्या मित्रमंडळींना यातलं बरंच ठाऊक असेल, पण आमचे नातेवाईकही वाचतात (आणि प्रतिक्रिया खाली न लिहिता फोनवर देतात!), म्हणून आधी भांडण नक्की कशाबद्दल आहे ते सांगतो. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स जरा बाजूला ठेवून इचलकरंजीला जाऊ.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली बसवला. त्या गावाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मागावर कापड विणायचं म्हणजे काही उभे धागे वर उचलायचे, काही खाली ठेवायचे आणि मधून धोटा पळवायचा. कुठले धागे कधी उचलायचे हे मागाला कुणीतरी सांगावं लागतं. साध्या मागावर ते टॅपेट सांगतं. टॅपेट म्हणजे दांड्यावर बसवलेला विशिष्ट आकाराचा लोखंडी तुकडा. दांडा फिरला की त्याच्या आकाराप्रमाणे धाग्यांच्या चौकटी वर-खाली होतात. भक्कम काम. वर्षानुवर्षं चालतं, पण वीण बदलायची तर टॅपेटच बदलावं लागतं.

दुसरा प्रकार डॉबीचा. तिथे लाकडी पट्ट्यांची एक साखळी असते, पट्ट्यांना भोकं असतात आणि भोकांत खुंट्या बसवलेल्या असतात. खुंटी असेल तिथे चौकट उचलायची, नसेल तिथे नाही. डिझाईन बदलायचं? खुंट्या बदला. माग तोच, लोखंड तेच. जॅकार्डने १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये हेच काम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. त्याच भोकांच्या कार्डांची कल्पना पुढे कॉम्प्युटरवाल्यांनी उचलली.

तर मंडळी, टॅपेट म्हणजे आपला पहिला कोल्हापूरकर आणि डॉबी म्हणजे दुसरा. पहिल्याच्या यंत्रात अक्कल जोडणीत असते. कुठली तार कुठे गेली यावर सगळं ठरतं. दुसऱ्याच्या यंत्रात जोडणी साधी असते आणि अक्कल वेगळी लिहून आत भरलेली असते. भांडण एवढंच आहे.

आता आयसींच्या गोष्टीकडे येऊ. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९६४ साली लष्करी वापरासाठी ५४०० ही मालिका काढली आणि १९६६ पासून तिचं स्वस्त, प्लास्टिकच्या अंगाचं रूप, म्हणजे ७४०० मालिका, बाजारात आली. खुद्द ७४०० मध्ये चार नँड गेट असतात. नँड गेट म्हणजे दोन्ही इनपुटवर व्होल्टेज असेल तरच आउटपुट शून्य, एरवी आउटपुट चालू. एवढ्या एका युक्तीच्या जोरावर, पुरेसे आयसी आणि पुरेशी चिकाटी असेल तर, जगातलं कुठलंही तर्काचं यंत्र उभं करता येतं.

अतिशयोक्ती वाटत असेल तर चंद्रावर गेलेल्या अपोलो यानातला कॉम्प्युटर बघा. त्याचं तर्काचं अंग सुमारे २८०० आयसींचं होतं आणि ते सगळे एकाच जातीचे. प्रत्येकात फक्त दोन नॉर गेट. दुकानात एकच माल मिळत असावा अशी खरेदी! गंमत म्हणजे त्याचा प्रोग्रॅम चक्क विणलेला होता. रेथिऑनच्या कारखान्यात बायका सुईने तार ओवत असत. चुंबकीय कड्यातून तार गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. इचलकरंजीच्या जॉबरला तिथे नेलं असतं तर त्याला फारसं नवल वाटलं नसतं.

१९७२ साली आलेला 'पाँग' हा व्हिडिओ गेमही असाच. त्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता, प्रोग्रॅमच नव्हता. पडद्यावरचा चेंडू, फळी, गुणांचे आकडे, सगळं ७४ मालिकेच्या आयसींच्या जोडणीतून निघत होतं.

आपल्या छंदिष्टांचा मात्र खरा जीव जडला तो दुसऱ्या एका मालिकेवर. आरसीएने १९६८ साली ४००० मालिका काढली. ७४०० ला नेमके पाच व्होल्ट लागतात, पाव व्होल्ट इकडे-तिकडे झालं की तिचं तंत्र बिघडतं. ४००० मालिका तीनपासून पंधरा व्होल्टपर्यंत कशावरही चालते. हळू चालते, पण टाकी भरायला कुठे घाई असते? नऊ व्होल्टची बॅटरी लावा नाहीतर स्कूटरची बारा व्होल्टची लावा, कुरकूर नाही. त्यातच १९७१ साली हान्स कामेन्झिंड यांनी सिग्नेटिक्ससाठी ५५५ टायमर डिझाईन केला आणि पुढच्या वर्षी तो बाजारात आला. ठरावीक वेळाने टिकटिक करणारा हा आठ पायांचा किडा आजही बनतो, आजही विकला जातो.

हे सगळं कोल्हापूरला यायचं कसं? तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने. मुंबईला कुणी निघालं की त्याच्या खिशात चिठ्ठी सरकवायची: ५५५ चार नग, ४०१७ दोन नग, एसएल १०० ट्रान्झिस्टर डझनभर. तो बिचारा ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जाणार, काउंटरवरच्या गर्दीत चिठ्ठी पुढे करणार आणि रात्रीच्या गाडीने काळ्या फोममध्ये टोचलेले आयसी घेऊन परत येणार. पुण्याला जाणारा असेल तर बुधवारातली तपकीर गल्ली. आणि सर्किट कुठलं? १९६९ पासून दिल्लीहून निघणारं 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' असायचंच. एक अंक दहा घरांत फिरायचा. ज्याच्या घरी शेवटी पोचायचा त्याच्याकडे नेमकं सर्किटचं पान फाटलेलं असायचं.

या सगळ्या विद्येची आमच्याकडची परीक्षा व्हायची गणपतीत. तालमी आणि मंडळांची रोषणाई म्हणजे आमची प्रयोगशाळा. फार पूर्वी पळत्या दिव्यांसाठी लाकडी ड्रम असे. त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, ड्रम मोटरने फिरतो, पट्टी टेकली की ती माळ पेटते. बंगालमध्ये चंदननगरच्या जगद्धात्री पूजेची रोषणाई या रोलरसाठीच नावाजलेली होती. नीट बघाल तर ही पुन्हा डॉबीच आहे. पट्टी म्हणजे खुंटी, आणि नक्षी बदलायची तर पट्ट्या उपटून पुन्हा ठोका.

मग आले ५५५ आणि ४०१७. ५५५ टिकटिक करणार आणि प्रत्येक टिकटिकीला ४०१७ चा एकेक पाय पाळीपाळीने चालू होणार. दहा पाय, दहा माळा, प्रत्येकीला एक ट्रायॅक. दिवे पळायला लागले! दोन आयसींत. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी हे सर्किट पहिल्यांदा केलं ते गणपतीसाठीच. पण त्याची एक मर्यादा होती. दिवे फक्त पळायचे. उलटे पळवायचे, थांबवायचे, एकाआड एक पेटवायचे म्हटलं की आणखी आयसी, आणखी तारा, आणि मग बोर्डाची पाठ बघवत नसे.

यावर तोड निघाली ती ईप्रॉमची. २७१६ नावाचा आयसी, वरती काचेची छोटी खिडकी. त्यात २०४८ ओळी मावतात आणि प्रत्येक ओळीत आठ खाने. एक खाना म्हणजे एक माळ. प्रोग्रॅमर यंत्रावर एकदा सगळ्या ओळी भरायच्या, मग ५५५ च्या टिकटिकीवर ४०४० हा काउंटर त्या एकामागून एक वाचत जाणार. यात मायक्रोप्रोसेसर कुठेच नाही. जोडणीही तीच, पण नक्षी मात्र लिहिलेली. पुढच्या वर्षी नवी नक्षी हवी तर खिडकीतून अल्ट्राव्हायोलेट प्रकाश टाकून पुसायची. एरवी ऊन लागून पुसली जाऊ नये म्हणून खिडकीवर स्टिकर लावायचा.

इथे पहिल्यांदा एक गोष्ट घडली, जिच्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. ड्रमवरच्या पट्ट्या कुणालाही दिसत होत्या. ४०१७ च्या तारा मोजता येत होत्या. ईप्रॉमकडे मात्र नुसतं बघून काहीच कळत नव्हतं. नक्षी आता ज्याच्याकडे प्रोग्रॅमर यंत्र होतं त्याच्या हातात गेली. मिरवणुकीच्या रात्री तो आयसी गेला, तर मंडळातला हुशार पोरगा सोल्डरिंग गन घेऊन तयार असला तरी त्याला करण्यासारखं काही नव्हतं.

माझ्या मते त्या सनातन भांडणाचा गाभा हाच आहे. वेग, किंमत, जागा यावर वाद खूप होतात, पण ते वर्षागणिक बदलतात. बदलत नाही तो प्रश्न असा: यंत्राची अक्कल कुठे ठेवली आहे, आणि यंत्र बंद पडल्यावर ती कुणाला वाचता येते?

थोडं जपानात जाऊन येऊ, कारण हेच भांडण तिथे झालं आणि त्यातून सगळं जग बदललं. १९६९ मध्ये बिझिकॉम ही जपानी कंपनी कॅल्क्युलेटरसाठी आयसींचा खास संच करून घ्यायला इंटेलकडे गेली. तिला जोडणीतली अक्कल हवी होती, प्रत्येक कामाला वेगळा आयसी. इंटेलच्या टेड हॉफ यांनी सुचवलं, एवढे वेगवेगळे आयसी कशाला, एकच सर्वसाधारण आयसी करू आणि कॅल्क्युलेटरचं काम प्रोग्रॅममध्ये लिहू. फेदेरिको फाजिन आणि बिझिकॉमचे मासातोशी शिमा यांनी ते प्रत्यक्षात आणलं. नोव्हेंबर १९७१ मध्ये ४००४ जाहीर झाला. २३०० ट्रान्झिस्टर, जगातला पहिला बाजारात मिळणारा मायक्रोप्रोसेसर. डॉबीवाला जिंकला.

आमच्याकडे हा विजय पोचायला वेळ लागला. कॉलेजच्या प्रयोगशाळांत ८०८५ चे किट आले. १९८३ साली केआयटी सुरू झालं आणि त्याच सुमारास जिल्ह्यात आणखीही इंजिनियरिंग कॉलेजं निघाली, तशी हेक्स कीपॅडवर आकडे बडवणारी मुलं वाढली. पण ८०८५ नुसता चालत नाही. त्याला मेमरी वेगळी, पोर्ट वेगळे, सगळा संसार बरोबर लागतो. घरच्या टेबलावर तो परवडत नव्हता.

टेबलावर आला तो ८०५१. इंटेलने १९८० साली काढलेल्या या आयसीत मेमरी, टायमर, बत्तीस इनपुट-आउटपुट पाय, सगळं एकाच चाळीस पायांच्या अंगात होतं. इंटेलने इतर कंपन्यांनाही तो बनवू दिला, त्यामुळे कुणा एकावर अवलंबून राहावं लागत नव्हतं. पुढे नव्वदच्या दशकात ॲटमेलने ८९सी५१ काढला. त्याला खिडकी नाही, अल्ट्राव्हायोलेट दिवा नाही. विजेनेच पुसायचा आणि विजेनेच लिहायचा. दिवसातून पन्नासदा बदला! फायनल इयरच्या प्रोजेक्टांत तर त्याची साथच आली. लिफ्ट, ट्रॅफिक सिग्नल, पाण्याची टाकी, कशाचंही झाकण उघडा, आत ८९सी५१.

आणि त्या ८९सी५१ मध्ये आणखी एक सोय होती. लॉक बिट. प्रोग्रॅम भरल्यावर हे बिट टाकलं की आतलं कुणालाही वाचता येत नाही. बनवणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे. महिनाभर खपून लिहिलेलं शेजारच्याने पाच मिनिटांत उतरवून घेऊ नये. पण या कुलपाची दुसरी बाजू मला कळली ती माझ्या मामांच्या नदीवरच्या मोटरीपाशी.

मामांचा ऊस पंचगंगेच्या काठावर. त्या काळी आठवड्यातले काही दिवस शेतीची थ्री फेज वीज रात्रीची असायची. म्हणजे मध्यरात्री बॅटरी घेऊन, काठी आपटत, विंचूकाटा बघत नदीवर जायचं आणि स्टार्टर दाबायचा. मोटर पेटीत एका ओळखीच्या मेकॅनिकने करून दिलेला बोर्ड होता. तीन फेज आहेत का बघायचं, थोडं थांबायचं, मग स्टार्टर ओढायचा. एक ४०११, एक ५५५, दोन रिले. २००५ च्या महापुरात ती पेटी पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर मामांनी बोर्ड काढला, धुतला, चार दिवस पत्र्यावर वाळवला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "ह्यातलं काय जळलंय त्येवढं सांग. बाकीचं आमी बघतो." ४०११ गेला होता आणि एक रिले चिकटला होता. दोन्ही गावातल्या टीव्हीवाल्याकडे मिळाले. संध्याकाळी मोटर चालू.

पुढे त्यांनी मोबाईलवरून मोटर चालू करायची नवी पेटी घेतली. हे यंत्र खरंच लई भारी होतं. घरातून फोन लावायचा, मोटर सुरू. फेज गेला की मेसेज. फक्त मामांच्या आणि मामेभावाच्या नंबरलाच ओ द्यायची, दुसऱ्या कुणाला नाही. रात्रीची नदीवरची वारी संपली. साठी उलटलेल्या माणसाला याचं मोल किती असतं ते शेतकऱ्याच्या घरात विचारा. आत ८०५१ च्या जातीचा मायक्रोकंट्रोलर होता, आणि त्याला कुलूप.

ऑगस्ट २०१९ मध्ये काय झालं ते कोल्हापूर-सांगलीकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. मामांची पेटी कितीतरी दिवस पाण्याखाली होती. बाहेर काढून साफ केली तर रिले बदलण्यासारखे, पॉवर सप्लाय दुरुस्त होण्यासारखा, पण मायक्रोकंट्रोलर गेलेला. तसा कोरा आयसी बाजारात मिळत होता, किंमतही फार नव्हती. पण आत भरायचं काय? ज्यांनी पेटी विकली होती त्यांनी तो धंदा बंद केला होता आणि प्रोग्रॅम कुणाकडेच उरला नव्हता. मामा पुन्हा "ह्यातलं काय जळलंय?" म्हणाले. जळलेलं कळत होतं, फक्त ते विकत मिळणारं नव्हतं.

दिवाळीनंतर उसाला पाणी सुरू व्हायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. मी आणि मामेभाऊ बसलो. पहिली सोय आम्ही जुन्या वाटेने केली. फोनचं बटण दाबल्यावर जो दुहेरी सूर निघतो तो ओळखणारा एमटी ८८७० नावाचा आयसी मिळतो. त्याच्यापुढे ४५१४ हा डिकोडर, त्याच्यापुढे ४०१३ चा फ्लिप-फ्लॉप, मग रिले. एक जुना मोबाईल आपोआप उचलण्यावर लावून पेटीत ठेवला. फोन लावा, एक दाबा, मोटर चालू; दोन दाबा, बंद. प्रोग्रॅमची एक ओळ नाही. दोन दिवसांत झालं.

पण त्याची उणीव लगेच दिसली. ज्याला नंबर माहीत असेल तो कुणीही मोटर चालू करू शकत होता. नंबर ओळखायचा, फेज गेल्याचा मेसेज पाठवायचा, हे नुसत्या आयसींनी करायचं तर बोर्ड कपाटाएवढा झाला असता. तिथे पहिल्या कोल्हापूरकराचं काही चालत नाही, हे मान्यच करायला हवं. म्हणून नंतरच्या दोन-तीन महिन्यांत सुट्टीच्या दिवशी बसून आम्ही मायक्रोकंट्रोलर घेऊन नवा प्रोग्रॅम लिहिला. लॉक बिट टाकलं नाही. प्रोग्रॅम छापून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या दाराला आतून चिकटवला, बाजूला सर्किट काढलं, आणि एक प्रत मामेभावाच्या घरी, एक माझ्याकडे. मामा ती कागदाची घडी बघून म्हणाले, "हां. आता कुनाला तरी दाखवाय येईल."

(जुलै २०२१ ला पाणी पुन्हा ५५ फुटांच्या वर गेलं. त्या वेळी मामांनी इशारा पातळीलाच पाना घेऊन पेटी सोडवली आणि माळ्यावर नेऊन ठेवली. आयसी की प्रोग्रॅम या वादात पान्याचा विचार कुणी करत नाही!)

आता कुणी म्हणेल, म्हणजे आयसी जोडणारा प्रामाणिक आणि प्रोग्रॅमवाला लबाड, असंच ना? तसं मुळीच नाही. नुसत्या आयसींच्या जमान्यातही आयसीवरचे नंबर पॉलिश पेपरने घासून काढणारे होते. आख्खा बोर्ड काळ्या एपॉक्सीत बुडवणारे होते. स्टीव्ह वोझ्नियाकने 'ब्रेकआउट' हा गेम पन्नासपेक्षा कमी आयसींत बसवला, आणि ते डिझाईन इतकं आवळलेलं होतं की ॲटारीने उत्पादनासाठी दुसरंच वापरलं. जोडणी डोळ्यांसमोर असली म्हणजे वाचता येतेच असं नाही.

उलट बाजूने, २००५ साली इटलीत इव्हरेआ गावी सुरू झालेला आर्डुइनो बघा. पूर्ण प्रोग्रॅमचं यंत्र, पण सर्किट खुलं, सॉफ्टवेअर खुलं, कुणीही घ्या, कुणीही बदला. ज्या पोरांना नँड गेट म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांनी त्यावर भन्नाट गोष्टी केल्या. आमच्या वेळच्या फाटक्या पानापेक्षा ही परिस्थिती कितीतरी चांगली आहे. तेव्हा कुलूप आयसीच्या जातीत नसतं, ते लावणाऱ्याच्या मनात असतं.

एक गोष्ट मात्र जोडणीवाल्याच्या बाजूने सांगायलाच हवी. २०२१ मध्ये जगभर चिप्सचा तुटवडा पडला तेव्हा बरेच मायक्रोकंट्रोलर महिनोन्‌महिने मिळेनात, मिळाले तर भलत्या भावाने. बहुतेक मायक्रोकंट्रोलर एकच कंपनी बनवते. तिच्याकडे नाही म्हणजे कुठेच नाही, आणि दुसरा घ्यायचा तर बोर्ड बदला, प्रोग्रॅमही बदला. ४०११ आणि ७४०० पहिल्यापासून अनेक कंपन्या बनवत आल्या. एकाचा काढा, दुसऱ्याचा त्याच पायांवर बसवा. अर्ध्या शतकाहून जास्त काळ टिकलेली ही सोय विसरून चालणार नाही.

आपल्या गावाला हे सगळं नवीन आहे का? बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्याचा अभ्यास करून कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याच्या आठवणीचा स्तंभ आहे. उद्यमनगरात ऑईल इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग बनवणारी कितीतरी माणसं अशीच शिकली. समोरचं यंत्र उघडायचं, बघायचं, मोजायचं, करायचं. ज्या यंत्राकडे बघून काही शिकता येतं त्या यंत्रावर हे गाव उभं राहिलं आहे. म्हणून मला वाचता येईल असं यंत्र जवळचं वाटतं.

मला कुणी विचारलं तर मी आता असं सांगतो. काम एका वाक्यात संपत असेल, कधी बदलणार नसेल आणि यंत्र घरापासून लांब, पाण्यापावसात राहणार असेल, तर आयसी जोडा. ते काम सांगायला "पण", "जर", "नाहीतर" असे शब्द लागायला लागले की प्रोग्रॅम लिहा. नुसतं शिकायचं असेल तर आधी ५५५ आणि ४०१७ वर दिवे पळवा, मग तेच दिवे प्रोग्रॅमने पळवा. दोन्ही केल्यावर जे कळतं ते एकात कळत नाही. आणि काहीही केलंत तरी एक कागद पेटीच्या दाराला आतून चिकटवा. आपण केलेलं यंत्र दुरुस्त करायला दरवेळी आपणच हजर असू असं नाही.

असो. फार लांबलं. तुमच्या गावच्या गणपतीत ड्रमवरचे पळते दिवे कुणाला आठवत असतील तर जरूर कळवा. नातेवाइकांनी फोन केला तरी चालेल.